मारकुट्या मुलांना ‘नीट वागणं’ शिकवता येतं का?

मृण्मयी_क (धागालेखिका)

मुलगा अकरा वर्षांचा आहे. एरवी प्रेमळ. लहान बहिणीला वाचून दाखवतो, मांजराला जपतो. पण कोणी डिवचलं की हात आधी आणि डोकं नंतर. गेल्या वर्षभरात शाळेतून पाच वेळा बोलावणं आलं. मागच्या आठवड्यात रांगेत मागच्या मुलाचा धक्का लागला, याने वळून त्याला असं ढकललं की त्याचा ओठ फुटला.

संध्याकाळी तो शांत झाल्यावर विचारलं, “धक्का लागला तर काय करायचं असतं?” न अडखळता उत्तर आलं, “थांबायचं, श्वास घ्यायचा, मला लागलं असं सांगायचं, नाही ऐकलं तर बाईंकडे जायचं.” सगळं पाठ. म्हटलं, मग केलं का नाहीस? तर म्हणाला, “आई, तेव्हा ते आठवायला वेळच नसतो.”

रात्रभर हेच वाक्य डोक्यात होतं. समुपदेशकांनी सामाजिक कौशल्यांच्या एका गटात घालायला सुचवलंय. गटात सगळी अशीच मुलं असतील. फायदा होतो का? घरी काय करावं? अनुभव असलेल्यांनी कृपया मोकळेपणाने लिहा.

सावली

वाचतेय. माझी मुलगी सात वर्षांची आहे, चावते. इतर आयांच्या नजरा सहन होत नाहीत. तुम्ही धागा काढलात, बरं केलंत.

दिनू_काका

थोडं स्पष्ट लिहितो, राग मानू नका. दुसऱ्याच्या पोराचा ओठ फुटलाय. त्या घरात आज काय बोलणं चाललं असेल? अकरा वर्षांच्या मुलाला चूक काय हे कळतं, ते त्याने तुम्हाला पाठ म्हणून दाखवलंच. कळूनही करतो म्हणजे धाक नाही. कौशल्यं वगैरे नंतर बघू.

मृण्मयी_क

काका, त्या मुलाच्या आईला मी त्याच संध्याकाळी फोन केला, दुसऱ्या दिवशी घरी जाऊन आले. धाकही करून झाला. याच्या बाबांनी दोनदा हात उचलला. दोन्ही वेळा तीन-चार दिवसांच्या आत त्याने बहिणीला मारलं, अगदी बाबांनी मारलं तसंच, मान धरून. ते बघितल्यावर बाबांनीच हे बंद केलं.

अनघा_स

मृण्मयीताई, मी चौदा वर्षं शाळांमध्ये अशा मुलांबरोबर काम करते. तुमच्या मुलाने जे सांगितलं ते इतकं नेमकं आहे की मी ते माझ्या वहीत उतरवून घेतलं. कळणं आणि वेळेवर जमणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दिनूकाका, कळूनही न जमणं हा मला कायम निर्लज्जपणा वाटत नाही, बरेचदा ती सरावाची कमतरता असते.

या कामाचा एक पक्का आराखडा अमेरिकेतल्या सिरॅक्यूज विद्यापीठातले आर्नल्ड गोल्डस्टीन आणि त्यांचे सहकारी बॅरी ग्लिक यांनी १९८० च्या दशकात बसवला. नाव ‘ॲग्रेशन रिप्लेसमेंट ट्रेनिंग’. १० आठवडे, आठवड्याला ३ सत्रं. एक सत्र कौशल्यांचं, एक राग आवरण्याचं आणि एक नैतिक पेचांवर चर्चेचं. नावातच मर्म आहे. मारणं नुसतं बंद करायचं नाही, त्याच्या जागी काहीतरी ठेवायचं. जागा रिकामी राहिली तर मारणंच परत येतं.

कौशल्याच्या सत्रात चार पायऱ्या असतात. मोठ्यांनी करून दाखवायचं, मुलाने स्वतः करायचं, बघणाऱ्यांनी काय जमलं ते सांगायचं आणि शेवटी तेच बाहेर, खऱ्या ठिकाणी, खऱ्या माणसांबरोबर करायचं. ही चौथी पायरी सर्वांत अवघड आणि तीच गाळली जाते. शांत खोलीत दोन खुर्च्या मांडून जे जमलं ते घंटा झाल्यावर, पाठीवर दप्तर, कानाशी आरडाओरडा आणि मागून रेटा असताना जमेलच असं नाही.

एक प्रसंग सांगते. दहा वर्षांच्या एका मुलाचं सगळं पेन्सिलपेटीवरून बिनसायचं. आम्ही तोच प्रसंग घेतला. मी त्याची पेटी पाडायची, त्याने “उचलून दे” म्हणायचं. आधी सांगून पाडली. मग न सांगता. मग हसत. मग पाडून पुढे निघून गेले. बाराव्या की तेराव्या वेळी तो एकदम थांबला आणि स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत राहिला. मूठ वळलेली होती. म्हणाला, “बाई, हा आधीच तयार झालाय.” त्या दिवसापर्यंत त्याला मूठ वळते हे माहीतच नव्हतं, थेट फटका बसल्यावरच कळायचं. तिथून पुढे खरं काम सुरू झालं. कोणाचे कान तापतात, कोणाचा जबडा आवळतो, कोणाच्या पोटात ढवळतं. ती खूण सापडली की मुलाला तो ‘वेळ’ मिळतो, जो तुमचा मुलगा म्हणतो की नसतो.

घरी करायचं तर रोज पाच मिनिटं, तो खुशीत असताना. चिडलेला असताना एक शब्दही शिकवू नका. तेव्हा फक्त सगळ्यांना इजेपासून वाचवायचं.

सौरभ_७

मला वाटतं रागाची वाफ बाहेर पडू द्यावी. आमच्या ओळखीत एका मुलाला बडवायला मोठी उशी दिली होती. खोलीत जायचं, उशी बडवायची, शांत होऊन यायचं.

अजिंक्य_र

सौरभ, हे पटण्यासारखं वाटतं, कारण ‘वाफ दवडणं’, ‘भडास काढणं’ आपल्या बोलण्यातच मुरलेलं आहे. पण ब्रॅड बुशमन या मानसशास्त्रज्ञाने २००२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात उलटं दिसलं. चिडवलेल्या विद्यार्थ्यांपैकी काहींना चिडवणाऱ्याचा विचार करत पंचिंग बॅगवर ठोसे मारायला सांगितलं. त्यांचा राग आणखी वाढला. नुसते बसून राहिले त्यांचा राग सर्वांत कमी होता. मुलाला उशी देताना आपण त्याला नकळत शिकवतो की राग आला की हात चालवायचा.

आता गटाबद्दल, कारण ताईंचा मूळ प्रश्न तो आहे. टॉमस डिशन आणि सहकाऱ्यांनी १९९९ साली दाखवून दिलं की दांडगाई करणाऱ्या किशोरवयीनांनाच एकत्र बसवलं तर काही वेळा वागणं सुधारण्याऐवजी बिघडतं. एकाने मारामारीचा किस्सा सांगायचा, बाकीच्यांनी हसायचं. ते हसू हीच शाबासकी. शिकवणारा एकीकडे आणि मुलं एकमेकांना शिकवतायत ते भलतंच. प्रवेश घेण्याआधी गटाची रचना विचारा.

अनघा_स

अजिंक्य, शंभर टक्के सहमत, आणि मी हे भोगलंय. सुरुवातीच्या एका वर्षी शाळेने ‘त्रासदायक’ म्हणून नावं काढलेली आठ मुलं माझ्याकडे पाठवली. दोन महिन्यांत त्यांची घट्ट टोळी झाली आणि टोळीला नावही पडलं. त्या मुलांचं मी नुकसान केलं याचं मला आजही वाईट वाटतं. आता सहाजणांच्या गटात राग आवरायला कठीण जाणारी दोनच मुलं घेते, बाकीची वर्गात ज्यांचं सगळ्यांशी जमतं अशी. त्याने आणखी एक होतं. ज्या मुलांबरोबर रोज वावरायचं तीच तालमीत असल्यामुळे चौथी पायरी थोडी सोपी जाते.

ताई, तुम्ही तीन प्रश्न विचारा. गटात किती मुलं आणि कशी? मुलं स्वतः प्रसंग करतात की नुसतं ऐकतात? वर्गशिक्षकांना आणि आईबाबांना त्या आठवड्याचं कौशल्य कळवतात का? तिसऱ्याचं उत्तर ‘नाही’ असेल तर दुसरीकडे बघा.

एकेकाळचा_दांडगट

बरीच वर्षं नुसता वाचतो, आज लिहितोय.

मी चौदाव्या वर्षी एका मुलाच्या अंगावर बाक ढकलला होता. त्याच्या पायाचं हाड मोडलं. कारण विचाराल तर मी वर्गात शिरलो आणि मागच्या बाकावरची तिघं हसली. मला शंभर टक्के खात्री होती की ती मला हसली. आज मी चाळिशीत आहे आणि आजही मला माहीत नाही ती कशाला हसत होती. तेव्हा मात्र तसा प्रश्नच पडला नाही.

लोकांना वाटतं मारकुट्या मुलाला मजा येते. काहींना येत असेल. मला भीती वाटायची. आख्खा दिवस अंग ताठ असायचं, कोण कधी काय करेल म्हणून. कोणाचा कोपर लागला तरी तो मुद्दामच. पुढच्याने डोळे वर केले तरी ते माझ्यासाठीच.

निलंबन झालं, मार खाल्ला, सगळ्या वर्गासमोर माफी मागितली. त्या माफीच्या वेळी मी मनात मोजत होतो की कोण कोण हसतंय.

बदल एका खेळाच्या शिक्षकांमुळे झाला. ते मधल्या सुट्टीत माझ्याशेजारी उभे राहायचे आणि मैदानाकडे बघत हळूच विचारायचे, “तो निळ्या बाटलीवाला का पळाला असेल, तीन कारणं सांग.” मी एक सांगायचो, “घाबरला.” ते म्हणायचे, “अजून दोन.” रोज. पहिले पंधरा दिवस मला दुसरं कारण सुचायचंच नाही, आणि हे मी खरं सांगतोय. मग सुचायला लागली. घंटा झाली असेल, कोणीतरी हाक मारली असेल, बाटली विसरली असेल. एक दिवस वर्गात कोणाचा तरी धक्का लागला आणि डोक्यात आपोआप आलं, “अजून दोन.” तेवढ्यात तो मुलगा पुढे निघून गेला होता.

मृण्मयीताई, तुमचा मुलगा वाईट नाही. त्याला फक्त पहिलंच कारण दिसत असेल.

सावली

डोळ्यांत पाणी आलं. लिहिल्याबद्दल मनापासून आभार.

अजिंक्य_र

दादा, हे वाचून काही वेळ दुसरं काही सुचलं नाही. तुम्ही जे सांगितलंत त्यावर केनेथ डॉज यांचा १९८० सालचा एक अभ्यास आहे. मुलांना जोडचित्र जुळवायला दिलं आणि ते दुसऱ्या मुलाने मोडल्याचं त्यांना कळेल असं केलं. काहींना वाटावं मुद्दाम मोडलं, काहींना वाटावं मदत करताना चुकून मोडलं, आणि काहींच्या बाबतीत हेतू धूसर ठेवला. उघड हेतू असताना आक्रमक मुलं आणि बाकीची मुलं सारखीच वागली. फरक पडला तो धूसर हेतूच्या वेळी. आक्रमक मुलं तिथेही मुद्दाम केलं असं धरून वागली. मुलांच्या दिवसातले बहुतेक धक्के धूसरच असतात, म्हणून ‘अजून दोन’ मोलाचं.

जी मुलं थंड डोक्याने, वस्तू हिसकावण्यासाठी किंवा दरारा बसवण्यासाठी मारतात त्यांना मात्र हे पुरत नाही. त्यांना मारून काही मिळणार नाही आणि न मारता मिळेल, अशी व्यवस्था मोठ्यांनी करावी लागते. आधी हे ओळखायला हवं की आपलं मूल कोणत्या गटातलं. काही मुलं दोन्हींत असतात.

गार्गी_वाचा

मी वाचा-भाषा उपचारतज्ज्ञ आहे, म्हणून एकच मुद्दा. अशा मुलांची श्रवणचाचणी आणि भाषेची तपासणी झाली आहे का ते बघा. वाक्य अर्धं ऐकू येतं, चेष्टा कळत नाही, भांडणात समोरचा भराभर बोलतो आणि आपल्याला शब्द सापडत नाहीत, मग हात बोलतो. माझ्याकडे नऊ वर्षांचा एक ‘उद्धट’ मुलगा आला होता, त्याला एका कानाने जवळजवळ ऐकूच येत नव्हतं. त्या बाजूने हाक मारली की तो ‘दुर्लक्ष करायचा’.

लहान मुलांना भावनांचे शब्द द्या. नुसतं ‘राग आला’ नाही. खट्टू झालो, हिरमुसलो, लाज वाटली, डावललं, हेवा वाटला, चिडचिड झाली, घुसमट झाली. आपल्याकडे शब्दांची कमी नाही, आपण ते मुलांशी बोलताना वापरत नाही.

सावली, दोन-तीन वर्षांच्या आसपास मारणं, चावणं सर्वांत जास्त असतं आणि मग बहुतेक मुलांत उतरत जातं. रिचर्ड ट्रेम्बले यांनी मुलांना वर्षानुवर्षं पाहून हे मांडलंय. मूल मारायला शिकत नाही, न मारायला शिकतं. सातव्या वर्षीही चावणं चालू असेल तर थांबू नका, दाखवून घ्या. तिला ओरडून मात्र काही साधणार नाही.

शर्वरी_म

कोणी मुलींबद्दल लिहीत नाहीये म्हणून लिहिते. माझ्या पंधरा वर्षांच्या मुलीने कधी कोणाला बोट लावलं नाही. पण वर्गातल्या एका मुलीशी कोणी बोलायचं नाही असा फतवा तिने काढला आणि तो पाच आठवडे चालवला. ती मुलगी शाळेत यायची बंद झाली तेव्हा आम्हाला कळलं. मी आई म्हणून तेव्हा जमिनीत गेले होते. ओठ फुटला की रक्त दिसतं, हे कोणाला दिसतही नाही.

आम्ही एका ठिकाणी कौशल्याच्या वर्गाला नेलं. तिथे तिला चेहऱ्यांची चित्रं दाखवून ‘हा आनंदी की दुःखी’ विचारलं. ती परत गेली नाही. मी तिला दोष देत नाही. किशोरवयीन मुलांना बाळबोध वाटलं की दार बंद. दुसऱ्या समुपदेशकांनी तिलाच विचारलं, “तुला काय हवंय?” बऱ्याच दिवसांनी उत्तर आलं, “मला एकटं पडायची भीती वाटते.” मग त्यावर काम झालं.

आणि एक. या वयात मित्रांसमोर पडतं घेणं म्हणजे मान गेला. त्यामुळे मान राखून बाहेर पडायचं वाक्य आधीच तयार हवं, मुलाच्याच भाषेत. “सोड, नंतर बघू.” “माझा मूड नाहीये.” भाच्याने स्वतःसाठी “चल, मला उशीर होतोय” हे निवडलं आणि घड्याळाकडे बघायचं ठरवलं. त्याच्या हातात घड्याळ नसतं. तरी चालतं म्हणे.

दिनू_काका

सगळं वाचलं. दांडगट यांचं दोनदा वाचलं. माझा मुद्दा पूर्ण सोडत नाही. ज्याला लागलं त्याचं काय, हे या चर्चेत मागे पडतंय. पण वर्गासमोरची माफी मीही शिक्षक असताना घ्यायला लावत असे. तो मोजत होता कोण हसतंय, हे माझ्या कधी मनातही आलं नव्हतं.

मग करावं काय? काहीच करायचं नाही, हे मला मान्य होणार नाही.

अनघा_स

काका, काहीच न करणं मलाही मान्य नाही. लागलेल्या मुलाला आधी सांभाळायचं, त्याला सुरक्षित वाटलं पाहिजे. त्यात तडजोड नाही. परिणाम ठरलेला, छोटा आणि लगेच हवा. माफीऐवजी मी भरपाई करून घेते. त्याचं काय बिघडलं, ते तू कसं नीट करशील? वही फाडली असेल तर नवी वही आणून त्यातला मजकूर उतरवून देणं. त्या मुलाला चालणार असेल तरच, आणि बघ्यांशिवाय.

मानसी_द

घरच्यांबद्दल थोडं. जेराल्ड पॅटरसन यांनी घरोघरच्या भांडणांचं निरीक्षण करून एक चक्र दाखवलं. आई म्हणते खेळ आवर. मूल ओरडतं. आई आवाज चढवते. मूल वस्तू फेकतं. आई थकते, म्हणते जाऊ दे. त्या क्षणी घरात शांतता होते, आणि दोघंही काहीतरी शिकलेले असतात. मूल शिकतं की फेकलं की सुटका. आई शिकते की सोडलं की शांतता. आमच्याकडे हे तीन वर्षं चाललं होतं. मी सूचना निम्म्या केल्या, दिली ती शेवटपर्यंत नेली, आणि जमलेलं काय ते नेमकं सांगू लागले. ‘शहाणा’ नाही, तर “चिडला होतास तरी दार हळू लावलंस”. पहिल्या दोन आठवड्यांत त्याचं ओरडणं वाढलं. तिथे बहुतेक लोक सोडून देतात. तिसऱ्यापासून उतरलं.

मृण्मयी_क (सहा आठवड्यांनी)

धागा वर काढतेय. सगळ्यांना उत्तर द्यायचं राहिलं होतं.

तो गट आम्ही घेतला नाही. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर नाही असं मिळालं. श्रवणचाचणी केली, कान ठीक आहेत. दुसरीकडे मिश्र गट मिळाला, तिथे दर शुक्रवारी वर्गशिक्षिकांना चिठ्ठी जाते.

घरी पाच मिनिटांची तालीम. रांग, धक्का, दप्तर. लहान बहिणीने मागून धक्का द्यायची भूमिका इतकी मनापासून केली की दुसऱ्या दिवशी तोच म्हणाला, “हिला जरा हळू सांग.” त्याची खूण सापडली. मानेमागे गरम होतं. एक वही ठेवलीय, त्यात तो रोज रात्री काय झालं, मान किती तापली १ ते ५, मी काय केलं, असं लिहितो. परवाच्या पानावर होतं: “मान ४. अजून दोन म्हणालो. एकच सुचलं. मग निघून गेलो.”

दोन वेळा मारामारी झालीच. एकदा त्यानेच सुरुवात केली. ज्याचा ओठ फुटला होता त्या मुलाच्या आईने तेव्हा मला खूप ऐकवलं, आणि तिचं बरोबर होतं.

बाबाही वही लिहितात. त्यांची खूण आवाज. आवाज बारीक झाला की ते बाहेर जाऊन येतात. मुलाला हे माहीत आहे, तो त्यांना आत सोडायच्या आधी दारातूनच विचारतो, “किती?”

एक प्रश्न आहे अनघाताई. बसमध्ये काहीच लागू पडत नाही. तिथे निघून जायला जागाच नसते.

एकेकाळचा_दांडगट

“एकच सुचलं. मग निघून गेलो.” हे त्याला माझ्याकडून सांगा, एक पुरे झालं.

अनघा_स

बसमध्ये जागा आधी ठरवायची. चढल्यावर सर्वांत पुढची सीट, खिडकीकडे, आणि शेजारी त्याच्या मिश्र गटातला एखादा मुलगा मिळाला तर त्याच्याशी आधी बोलून ठेवा. घरी चार खुर्च्या एकामागे एक लावा आणि मागच्या खुर्चीवर बाबांना बसवा. पहिल्या आठवड्यात बाबांनी काहीच करायचं नाही, नुसतं मागे बसायचं. मान किती तापते ते वहीत लिहू दे आणि मला इथेच कळवा.